बिनकागदाची बंदी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. कारण राग. राग शांत झाला की मग लिहावं, असं आई म्हणायची. पण माझा अनुभव असा, की राग शांत झाला की लिहिणंही राहून जातं. म्हणून आजच.

तर झालं असं. आमच्या सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी कार्यक्रम असतात. पाककृती स्पर्धा, लहान मुलांचे नाच, कराओके, एक दिवस कुणीतरी 'बाहेरचा' कलाकार. ह्या वर्षी मी अर्ज दिला. चाळीस मिनिटांचं अभिवाचन. विषय असा, की आपल्याकडे कधी ना कधी बंदी आलेलं, जप्त झालेलं किंवा मुकाट्याने मागे घेतलेलं लेखन. वाचणारे आम्ही सहा जण, सगळे घरचेच. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. सहा खुर्च्या आणि दोन माइक. बावीस पानांची संहिता अर्जाला टाचून दिली होती.

कल्पना तशी माझी नाही. आतेबहीण अमेरिकेत असते. तिकडे १९८२ पासून दर वर्षी 'बॅन्ड बुक्स वीक' नावाचा आठवडा पाळतात. वाचनालयांत, पुस्तकांच्या दुकानांत लोक जमतात आणि ज्या पुस्तकांना कुणीतरी हरकत घेतली त्यातली पानं एकेक जण उभं राहून मोठ्याने वाचतो. ती एकदा अशा वाचनाला जाऊन आली आणि फोनवर तासभर त्याबद्दलच बोलत होती. (आता 'तिकडे बघा कसं छान' हा सूर मी लावणार नाही. त्याच देशात जानेवारी २०२२ मध्ये टेनेसीतल्या एका शाळा मंडळानं ज्यूंच्या छळावरचं 'माउस' हे चित्रमय पुस्तक अभ्यासक्रमातून काढलं. तिकडेही सगळी घरं सारखीच आहेत.) पण मोठ्याने वाचायची कल्पना मात्र डोक्यात बसली.

समितीचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. लिफ्टमध्ये.

"विषय छानच आहे हो ताई, पण सणासुदीला कशाला? उगाच कुणाच्या भावना..." वाक्य तिथेच राहिलं, कारण त्यांचा मजला आला.

मी दार धरून ठेवलं आणि विचारलं, संहितेतलं कुठलं पान खटकलं? तर म्हणाले, "अहो, वाचायला वेळ कुठे झाला!" आणि वर एक सूचना. "त्यापेक्षा पुलंचं काहीतरी घ्या ना. सगळे हसतील."

पुलंचं घ्या! अहो, १९७७ च्या निवडणुकीत आणीबाणीविरुद्ध गावोगाव सभा घेत फिरलेले तेच ना पुलं? त्याआधी १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत आणीबाणीवर बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या, हे ज्यांनी पाहिलं ती पिढी अजून आपल्यात आहे. आम्ही मात्र पुलंना हसण्यापुरतं ठेवलंय.

पण मला राग आला तो नकाराचा नाही. नकाराला कागद नव्हता, त्याचा आला. लेखी द्या म्हटलं असतं तर समिती म्हणाली असती, अहो बंदी कुठे घातलीय, आम्ही तर फक्त सुचवलं. आणि ते खरंही असतं! कुणीच बंदी घातली नव्हती. फक्त कार्यक्रम झाला नाही.

त्या रात्री मी माझीच बावीस पानं पुन्हा वाचली आणि तेव्हा लक्षात आलं, की ती ह्याच एका गोष्टीची पानं आहेत. क्रमाने बघा.

१९०७ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' रंगभूमीवर आलं. महाभारतातलीच गोष्ट. पण कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन आणि द्रौपदी म्हणजे कोण, हे प्रेक्षकांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. १९१० साली सरकारनं बंदी घातली. साहेबाकडे नाटकांसाठी वेगळा कायदाच होता, १८७६ चा. बंगालातल्या नाटकांनी धसका घेऊन केलेला. छापलेलं पुस्तक वाचता येणारे लोक तेव्हा किती? मूठभर. पण नाटक ऐकायला अक्षरओळख लागत नाही. साहेबाला हे नीट कळलं होतं. (हा १८७६ चा कायदा आपण कधी रद्द केला माहीत आहे? २०१८ साली. सावकाश!)

१९७२. तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर'. सखाराम छापखान्यात पुस्तकं बांधणारा, हा योगायोग मला फार आवडतो. सेन्सॉरनं कापाकापी सांगितली, कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. त्या सगळ्या लढाईवर त्यांनी 'बाइंडरचे दिवस' लिहिलंय, मिळालं तर जरूर वाचा. इथे निदान कापाकापीचा आदेश होता. आदेश होता म्हणून कोर्टात जाता आलं.

त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'. एकोणीस प्रयोग झाले आणि थांबले. कुणी थांबवले? सरकारनं नाही. बाहेर ओरड सुरू झाली आणि ज्या संस्थेनं नाटक केलं तिनेच बंद केलं. मग त्या मुलांनी बाहेर पडून थिएटर अकॅडमी काढली आणि १९७४ पासून तेच नाटक पुन्हा उभं केलं. कोर्टात नाही हं, रंगमंचावर.

२००३-०४. जेम्स लेन यांचं शिवाजी महाराजांवरचं इंग्रजी पुस्तक. एका मजकुरावरून वाद पेटला. प्रकाशकांनी आधी पुस्तक मागे घेतलं, ५ जानेवारी २००४ ला भांडारकर संस्थेवर हल्ला झाला आणि मग सरकारनं बंदी घातली. क्रम लक्षात घ्या, सरकार सगळ्यांत शेवटी आलं. २००७ मध्ये उच्च न्यायालयानं बंदी उठवली, २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय कायम केला. म्हणजे कोर्टात पुस्तक सुटलं. पण पुण्यातल्या कुठल्या दुकानात ते मांडलेलं मला त्यानंतर एकदाही दिसलं नाही. ते पुस्तक बरोबर की चूक हा वेगळा विषय आहे. मला त्यातलं बरंच पटत नाही. पण पटत नाही हे सांगायला तरी ते समोर हवं ना?

२००९. आनंद यादव. 'झोंबी' लिहिणारा माणूस, महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचा निवडून आलेला अध्यक्ष. 'संतसूर्य तुकाराम' ह्या कादंबरीवरून वादळ उठलं. त्यांनी माफी मागितली, कादंबरी मागे घेतली, अध्यक्षपदही सोडलं. ते संमेलन अध्यक्षाविना झालं. इथे तर लेखकानेच आपल्या हातानं आपलं पुस्तक मिटलं. ह्याविरुद्ध दाद कुणाकडे मागायची?

बघितलंत? आधी साहेब, मग सेन्सॉर, मग संस्था, मग जमाव, मग स्वतः लेखक. बंदी दर वेळी एक पायरी खाली उतरत आलीय, आणि उतरताना तिच्या हातातला कागद कुठेतरी गळून पडलाय. आता ती लिफ्टमध्ये भेटते आणि हसून बोलते.

ह्याचा कळस दिल्लीत झाला. रश्दींच्या 'सॅटानिक व्हर्सेस'च्या आयातीवर १९८८ साली बंदी आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात प्रकरण निघालं, तर ती अधिसूचना कुणालाच दाखवता येईना! न्यायालय म्हणालं, मग अशी अधिसूचना नाहीच असं धरावं लागेल. छत्तीस वर्षं आपण एका न सापडणाऱ्या कागदाला घाबरून होतो. मला तर हसूच आलं. मग वाटलं, कागद सापडला असता तरी काय मोठा फरक पडला असता? आपण कागदाला घाबरत नव्हतोच. शेजाऱ्याला घाबरत होतो.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. कागदावरची बंदी कोर्ट उठवू शकतं. बिनकागदाची बंदी फक्त चारचौघांत मोठ्याने वाचून उठते. दुसरा उपाय मला तरी दिसत नाही.

भाच्याला हे पटेना. (तो हे वाचतोच, म्हणून इथेच उत्तर देते.) त्याचं म्हणणं, "मावशी, आता बंदीला अर्थच काय? सगळ्याची पीडीएफ मिळते. ज्याला वाचायचं तो वाचतोच." वाचतो ना, बाळा. पांघरुणात, मोबाइलवर, एकटा. आणि वाचून झाल्यावर बोलतो कुणाशी? बंदीनं पुस्तक काढून घेतलं नसेल, पण पुस्तकाभोवतीची माणसं काढून घेतली. ज्या पुस्तकाबद्दल जेवणाच्या टेबलावर बोलता येत नाही, ते पुस्तक वाचलं काय आणि न वाचलं काय. लपून वाचणं ही सोय आहे. तिला स्वातंत्र्य म्हणू नये.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. "वाचायचं तर वाचा हो, पण कार्यक्रम कशाला? नाट्य कशाला?" म्हणजे पुस्तक चालेल, आवाज नको. गंमत म्हणजे आपली व्यवस्थाही हेच म्हणते. महाराष्ट्रात पुस्तक छापायला आधी कुणाची परवानगी लागत नाही. पण त्याच मजकुराचं नाटक करायचं तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते, तिथून प्रमाणपत्र यायला हवं. अमोल पालेकरांनी ह्याविरुद्ध २०१६ साली उच्च न्यायालयात याचिका केली होती. छापलेल्या अक्षराला जी मोकळीक, ती बोललेल्या शब्दाला का नाही? कारण बोललेला शब्द चारशे माणसं एकदम ऐकतात आणि एकमेकांची तोंडं बघतात. भीती त्या बघण्याची आहे.

आणि नेमकं म्हणूनच मोठ्याने वाचायचं. बंदी बहुतेक वेळा एका ओळीवर येते. ती ओळ कापून फिरवली जाते आणि लोक पेटतात. मोठ्याने वाचताना ती ओळ एकटी येत नाही. आधीचं पान येतं, नंतरचं पान येतं. ज्याला राग यायचा त्याला पूर्ण ऐकून राग येऊ दे, तो हक्काचा राग. शिवाय वाचणारा समोर उभा असतो, नावगावासकट. ऐकणाऱ्याला उठून प्रश्न विचारता येतो. पुस्तकाला प्रश्न विचारायची ह्याहून सभ्य पद्धत मला माहीत नाही.

ही काही परदेशी फॅशन नाही, मंडळी. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली, ही कथा आपल्याला पाळण्यातच कळते. तेरा दिवसांनी वह्या कोरड्या वर आल्या, ही भाविकांची श्रद्धा, मी तिचा मान ठेवते. पण माझे आजोबा वेगळं सांगत. म्हणत, वह्या बुडाल्या तरी काय बिघडणार होतं, अभंग तोवर कीर्तनातून लोकांच्या तोंडी गेले होते. पाण्याला लोकांच्या तोंडापर्यंत पोचता आलं नाही. आणि अशा महाराष्ट्रात त्याच तुकोबांवरची कादंबरी बंद पडावी?

साने गुरुजींचंच बघा. त्यांचा 'पत्री' हा कवितासंग्रह इंग्रज सरकारनं जप्त केला होता. त्यातली गाणी आपण शाळेत प्रार्थनेनंतर रांगेत उभं राहून म्हटली. जप्त झालेलं पुस्तक आपण वर्षानुवर्षं खड्या आवाजात सादर करत होतो आणि कुणी आपल्याला तसं सांगितलंही नाही! सांगितलं असतं तर जरा नीट सुरात म्हटलं असतं.

असो. तर कार्यक्रम केला. विसर्जनानंतरच्या रविवारी, आमच्याच हॉलमध्ये. सोफा बेडरूममध्ये ढकलला, मांडववाल्याकडून खुर्च्या आणल्या. तेवीस माणसं आली. त्यात समितीतल्या एकांच्या आई होत्या, पाठीमागे बसलेल्या.

'कीचकवधा'तला प्रवेश झाला. सखाराम लक्ष्मीला घरात आणून आपले नियम सांगतो ते पान माझ्या नवऱ्यानं वाचलं. तेहतीस वर्षांच्या संसारात तो माणूस मला पहिल्यांदाच भीतीदायक वाटला. मग 'समाजस्वास्थ्य'. रघुनाथ धोंडो कर्व्यांचं हे मासिक १९२७ पासून निघत होतं, संततिनियमन आणि स्त्री-पुरुषसंबंधांवर सरळ लिहिणारं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर. खटला हरले. २०१७ साली अजित दळवींनी ह्यावर 'समाजस्वास्थ्य' हे नाटक लिहिलं आणि अतुल पेठ्यांनी ते केलं, स्वतः कर्वे झाले. कोर्टात हरलेला माणूस ऐंशीएक वर्षांनी रंगमंचावरून पुन्हा बोलला. मी जे म्हणतेय त्याचा ह्याहून चांगला पुरावा कुठला?

आमच्याकडे ते पान मावशीनं वाचायला घेतलं. मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. दोन ओळी वाचल्या आणि थांबली. मला वाटलं, लाजली. तर चष्मा काढून म्हणाली, "हे अंक आमच्या आईच्या ट्रंकेत होते. पैठणीच्या घडीत. ती गेल्यावर सापडले. पाच बाळंतपणं झालेली बाई. हे वाचत होती आणि आम्हा बहिणींना एका शब्दानं बोलली नाही गं." मग तिनं चष्मा लावला आणि उरलेलं पान मोठ्याने, स्पष्ट उच्चारांत, पूर्ण वाचलं. हॉलमध्ये पंख्याचा आवाज येत होता.

आजीच्या ट्रंकेत कुणाची बंदी होती? कुठल्याच सरकारची नाही.

शेवटचं पान माझ्या परीक्षेचं होतं. सांगलीच्या काकांनी आधीच अट घातली होती, "तुमच्या आवडीच्याच बंद्या वाचणार असाल तर मी येत नाही." त्यांनी आणलं गोपाळ गोडशांचं 'गांधीहत्या आणि मी'. ते सरकारनं जप्त केलं होतं, १९६९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं जप्ती रद्द केली. माझे वडील सेवादलातले. आमच्या घरात गांधींचा फोटो देवघराशेजारी. मी काकांना साफ नाही म्हटलं. सणासुदीनंतर लगेच कशाला, असंही म्हणून गेले. आणि माझ्या तोंडून समितीचंच वाक्य निघालं, हे ऐकून मला घाम फुटला.

म्हणून वाचलं. भाच्यानं वाचलं, कोरड्या आवाजात, अभिनय न करता. वडिलांच्या फोटोकडे मी बघितलं नाही. मग वाद झाला, कडाक्याचा, पाऊण तास. काका एकीकडे, मावशी दुसरीकडे. कुणाचं मत बदललं नाही. पण त्या पुस्तकाला विरोध करताना मी आयुष्यात प्रथमच त्यातलं एक आख्खं पान ऐकून विरोध केला. माझा विरोध आधीपेक्षा पक्का झालाय. बंदीनं मला हे कधीच दिलं नसतं.

हेही कबूल करायला हवं, की बंदी आली म्हणून पुस्तक थोर होत नाही. 'बंदी घातलेलं' असं वेष्टनावर छापून खपवणारेही आहेत, त्यांचं दुकान मला सजवायचं नाही. शिवाय आम्ही हॉलमध्ये तेवीस जणांनी वाचलं, ह्यात शौर्य काही नाही. बँक कर्मचाऱ्यांच्या नियतकालिकात १९९४ मध्ये पुन्हा छापलेल्या 'गांधी मला भेटला' ह्या कवितेचा खटला २०१५ साली सर्वोच्च न्यायालयात होता. छापणारे माफी मागून सुटले, कवी वसंत दत्तात्रय गुर्जरांना मात्र खटल्याला तोंड द्यायला सांगितलं. एका कवितेसाठी एकवीस वर्षं! किंमत लिहिणारे मोजतात. ऐकणाऱ्यांनी निदान ऐकायला तरी बसावं.

निघताना त्या समितीतल्या एकांच्या आई चप्पल घालता घालता म्हणाल्या, "हे मांडवात का नाही केलंत? माझ्या मैत्रिणींनाही ऐकता आलं असतं." मी म्हटलं, तुमच्या मुलाला विचारा. त्या म्हणाल्या, "विचारते."

पुढच्या वर्षीचा अर्ज मी आत्ताच लिहून ठेवलाय. संहिता सोबत जोडलीय, ह्या वेळी तीस पानं झालीत. खाली एक ओळ वाढवलीय. नाही म्हणायचं असेल तर जरूर म्हणा, पण आधी समितीच्या बैठकीत ही तीस पानं कुणीतरी मोठ्याने वाचा. आणि मग नकार लेखी द्या.